बखर आणि अस्सल कागद : एका मुलाखत-पद्धतीचा पूर्वेतिहास

पदाला पात्र कोण, हा प्रश्न राज्यकारभाराइतकाच पुरातन असला, तरी ती पात्रता ठरविण्यासाठी उमेदवाराला समोर बसवून त्याच्याच मुखाने त्याच्या गतवर्तनाची कैफियत वदवून घ्यावी, ही रीत मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेली आहे; आणि आज पुण्यापासून कॅलिफोर्नियातील सॅन होजेपर्यंत, क्लाउड-सुरक्षेचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजरच्या जागेसाठी जे तरुण या परीक्षेस बसतात, त्यांपैकी फारच थोड्यांना तिची जन्मकथा ठाऊक असते. ती ठाऊक असणे इष्ट आहे, कारण तयारी नेमकी कशाची करावयाची, याचा उलगडा त्या कथेतच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी नोकरीची मुलाखत हा बहुतांशी मालकाच्या मर्जीचा मामला होता. शिफारसपत्र, घराणे आणि बोलण्याचालण्यातील ऐट यांवर निकाल लागे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास वॉल्टर डिल स्कॉट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अनुभवी विक्री-व्यवस्थापकांकडून त्याच त्या उमेदवारांची क्रमवारी लावून घेतली, तेव्हा एकाने वरच्या पंक्तीला बसविलेला मनुष्य दुसऱ्याने खालच्या पंक्तीत लोटलेला आढळला. थॉमस एडिसनने या मर्जीवर आपल्या स्वभावास साजेसा जालीम उपाय योजला: फ्रान्सच्या सीमेला कोणकोणते देश लागून आहेत, व्होल्गा नदी कोठे आहे, अशा शंभराहून अधिक प्रश्नांची जंत्रीच त्याने उमेदवारांपुढे ठेवण्यास आरंभ केला. १९२१च्या मे महिन्यात ही जंत्री वृत्तपत्रांत फुटली आणि गावोगावी तिची चर्चा सुरू झाली. त्याच सुमारास बॉस्टनला आलेल्या आइन्स्टाइनला कोणी ध्वनीचा वेग विचारला असता, पुस्तकात सहज सापडणारी माहिती आपण डोक्यात वागवीत नाही, असे त्याने मोकळेपणाने सांगून टाकले. पुढे अनेक दशकांनी संगणक-कंपन्यांनी मॅनहोलचे झाकण वाटोळेच का, असली कोडी घालून एडिसनचाच कित्ता गिरविला. आणि या कोड्यांतून उमेदवाराविषयी काहीही कळत नाही, अशी कबुली गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांना २०१३ साली जाहीरपणे द्यावी लागली.

या गुंत्यातून वाट निघाली ती कचेरीत नव्हे, विमानदलात. १९४१-४२ साली अमेरिकी लष्करी विमानदलाच्या प्रशिक्षणातून अपात्र ठरवून काढलेल्या एक हजार उमेदवारांचे कागद मानसशास्त्रज्ञांच्या हाती आले. प्रत्येकाला का काढले, याची शिक्षकांनी केलेली नोंद त्यांत होती. परंतु ती नोंद म्हणजे ‘उड्डाणाची उपजत बुद्धी नाही’, ‘सारासार विचार कमी पडतो’ असल्या ठरीव शेऱ्यांची पुनरावृत्ती होती. शेरा वाचून तो मनुष्य विमानात बसल्यावर काय करीत होता, हे काही केल्या कळेना. विमानदलाच्या या मानसशास्त्र-कार्यक्रमाचे प्रमुख जॉन फ्लॅनगन यांनी त्यावरून धडा घेतला की, गुणांची नावे विचारण्यात अर्थ नाही, प्रसंग विचारावा: अडचण कोणती उद्भवली, त्या घडीला त्या मनुष्याने काय केले, आणि त्यातून काय निष्पन्न झाले. युद्ध संपल्यावर त्यांनी पिट्सबर्ग येथे संशोधनसंस्था स्थापिली आणि १९५४ साली एका विस्तृत निबंधात या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी केली.

पुढचा प्रवास शीघ्र झाला. १९७३ साली हार्वर्डच्या डेव्हिड मॅक्लेलँड यांनी बुद्धिमापनाऐवजी प्रत्यक्ष कार्यक्षमता मोजावी, असा आग्रह धरला. विल्यम बायम आणि डग्लस ब्रे यांनी १९७० साली काढलेल्या डेव्हलपमेंट डायमेन्शन्स इंटरनॅशनल या संस्थेने परिस्थिती, सोपविलेले कार्य, कृती आणि फलित ही चार पदांची मांडणी ‘स्टार’ या नावाने प्रचारात आणली. आणि १९८२ साली टॉम जॅन्झ यांनी अशा मुलाखतीची चालू पद्धतीच्या मुलाखतीशी तुलना करून तिच्यावरून पुढील कामगिरीचे भाकीत अधिक अचूक करता येते, असे दाखविले. मराठी वाचकाला या साऱ्या खटाटोपात एक ओळखीची तळमळ आढळेल. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करताना वि. का. राजवाडे यांनी बखरींच्या विश्वसनीयतेवर जो कठोर हल्ला चढविला आणि समकालीन अस्सल पत्रांचा जो पुरस्कार केला, त्याच्या मुळाशी हीच वृत्ती होती. ‘मी उत्तम नेता आहे’ ही बखर झाली; अमक्या तिमाहीत, अमक्या अडचणीत, अमका निर्णय मी घेतला आणि त्याचा अमका परिणाम झाला, हा कागद झाला. मुलाखत घेणारा कागद मागत असतो.

आता ज्या पदासाठी हा कागद मागितला जातो, त्या पदाची कुळकथा. ती साबणाच्या कारखान्यात सुरू होते. सिनसिनाटी येथील प्रॉक्टर अँड गँबल कंपनीत १९२५ साली टपाल-विभागात लागलेला नील मॅकेलरॉय हा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातीचे काम पाहत असता, कंपनीच्याच आयव्हरी साबणाच्या छायेत आपला माल कोमेजतो आहे, असे त्याला दिसून आले. १३ मे १९३१ रोजी त्याने वरिष्ठांना तीन पानांचे टिपण सादर केले. मूळ मागणी दोन माणसे वाढवून मिळावीत एवढीच होती. पण ती माणसे काय करतील, हे सांगण्याच्या ओघात एका नव्या हुद्द्याचा मसुदाच तयार झाला. एकेका मालाच्या मागे एकेक जबाबदार मनुष्य असावा. माल कोठे खपतो आणि कोठे पडून राहतो, याचा त्याने बारकाईने अभ्यास करावा. दुकानदार व गिऱ्हाईक यांना जातीने भेटून दोषाचे निदान करावे, उपाय योजावा आणि त्याच्या फळाचा हिशेब द्यावा. कारखाना, विक्रीचा ताफा, संशोधन यांपैकी काहीच त्याच्या हुकमतीखाली नसे. जबाबदारी संपूर्ण आणि अधिकार मन वळविण्यापुरता, ही या पदाची खूण आजही तशीच आहे. म्हणूनच ‘तुमच्या हाताखाली नसलेल्या अभियंत्यांचे मन तुम्ही कसे वळविलेत?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत येतो. हाच मॅकेलरॉय पुढे १९५७ साली अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला आणि त्याच्याच कारकिर्दीत, १९५८ साली, आर्पा ही संशोधनसंस्था स्थापन झाली. तिच्या आश्रयाने १९६९मध्ये जे संगणकजाळे उभे राहिले, त्यातूनच आजचे इंटरनेट विस्तारले. प्रॉडक्ट मॅनेजरच्या पदाचा आद्य प्रवर्तक आणि त्या जाळ्याचा दूरचा यजमान एकच असावा, हा इतिहासातील मोठा विलक्षण योग होय.

याच इंटरनेटवरून, म्हणजे क्लाउडच्या रूपाने, २००६ साली ॲमेझॉनने साठवणूक आणि संगणनशक्ती भाड्याने देण्यास प्रारंभ केला, तेव्हा सुरक्षेच्या दायित्वाचीही वाटणी झाली: यंत्रागाराची राखण भाडे घेणाऱ्याने करावी, आपल्या मालाची कुलपे नीट लावण्याचे काम भाडेकऱ्याने पाहावे. हे दुसरे काम किती नाजूक, याचा प्रत्यय २०१९ साली कॅपिटल वन बँकेच्या प्रकरणात आला. फायरवॉलच्या चुकीच्या मांडणीचा फायदा घेऊन अमेरिकेतील सुमारे दहा कोटी आणि कॅनडातील सुमारे साठ लाख लोकांची माहिती पळविण्यात आली. अशा चुका हुडकून देणारी साधने विकणाऱ्या कंपनीत प्रॉडक्ट मॅनेजरची अडचण निराळीच असते. साबण खपला की आकडा दिसतो. न झालेल्या चोरीचा आकडा कोणत्या वहीत मांडावयाचा? साधनाने फार इशारे दिले तर गिऱ्हाईक कंटाळून ते बंद करते, कमी दिले तर चोर आत शिरतो. अशा व्यवसायात नुसत्या फलितावरून गुण ठरविता येत नाही, म्हणून निर्णय कसा घेतला, याची चौकशी अधिक खोलवर होते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने धाडलेली एक सदोष अद्ययावत फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली, पण तेवढ्या अवधीत सुमारे ८५ लाख विंडोज-यंत्रे कोलमडली आणि भारतातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास घेऊन विमानात चढावे लागले. संरक्षणासाठी बसविलेले साधनच आपत्तीचे कारण झाल्याचे हे उदाहरण साऱ्या व्यवसायाच्या डोळ्यांपुढे असताना, ‘घाई आणि सावधगिरी यांत तुम्ही कधी निवड केलीत?’ किंवा ‘तुमची चूक सांगा’ असे विचारणारा केवळ शिरस्ता पाळीत असतो, असे उमेदवाराने समजू नये.

यावरून तयारीचे स्वरूप स्पष्ट होते. बाजारात तयार उत्तरांचे ताव मिळतात आणि एडिसनच्या जंत्रीसारखेच तेही घोकले जातात. परंतु ‘मग त्या सभेत विरोध कोणी केला? त्याला तुम्ही काय सांगितलेत?’ असा उपप्रश्न आला की घोकलेली बखर तिथेच संपते. उमेदवाराने आपल्या गेल्या दोन-तीन वर्षांचे दप्तर उघडावे: जुनी टिपणे, फेटाळलेले प्रस्ताव, गिऱ्हाइकांच्या तक्रारी आणि अपघातानंतरचे अहवाल वाचून काढावेत, आणि मतभेद, माघार, चूक, कठीण निवड यांचे मोजके प्रसंग तारीखवार जुळवावेत. आपल्याकडील तरुणांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. स्वतःची कामगिरी स्वतः सांगू नये, या घरच्या संस्कारामुळे ते सारे श्रेय संघाच्या पदरात टाकून मोकळे होतात. हा विनय शोभून दिसतो खरा, पण त्यामुळे समोरच्याला या माणसाचा वाटा कोणता, याचा पत्ताच लागत नाही.

ही पद्धत सर्वस्वी निर्दोष आहे, असे मात्र नाही. ज्याला मोठी जबाबदारी कधी लाभलीच नाही, त्याचे दप्तर रिकामे असणार, आणि त्यात त्याचा अपराध काहीच नसतो. १९८० साली गॅरी लेथम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘असा प्रसंग आला तर काय कराल?’ हा भविष्यकालीन प्रश्नांचा प्रकार प्रसिद्ध केला, तो ही उणीव काही अंशी भरून काढतो, आणि जाणते मुलाखतकार दोन्हींचा उपयोग करतात. उमेदवाराने एवढेच पथ्य पाळावे की, घडलेले विचारले असता संकल्प सांगू नये. कारण ‘मी असे केले असते’ या उत्तरात समोरच्याला पुरावा सापडत नाही, आणि पुराव्यासाठीच तर त्याने हा प्रश्न विचारलेला असतो.