संधिवाताभ संधिशोथ : निदान व औषधोपचार यांचा इतिहास

सांध्याच्या आतील अस्तरास दीर्घकाळ शोथ (दाहयुक्त सूज) येऊन कूर्चा व अस्थी झिजविणारा आत्मप्रतिरक्षाजन्य विकार. हातापायांचे लहान सांधे दोन्ही बाजूंस सारखेच सुजतात व सकाळचा ताठरपणा बराच वेळ टिकतो. स्त्रियांत तो पुरुषांच्या सु. दोन ते तीन पट आढळतो.

माधवनिदान या ग्रंथात (सु. आठवे शतक) आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे, तथापि आमवात म्हणजेच हा विकार असे सरसकट मानता येत नाही, कारण त्यातील काही लक्षणे संधिज्वराशीही जुळतात. फ्रेंच वैद्य लांद्रे-बोव्हे यांनी १८०० मध्ये या विकाराचे वर्णन केले, पण त्यास ते गाउटचाच प्रकार समजले. आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये त्यास आजचे नाव दिले. रक्तपरीक्षेचा आधार मात्र पुष्कळ उशिरा मिळाला : एरिक वालर (१९४०) व हॅरी रोझ (१९४८) यांच्या निरीक्षणांतून संधिवाताभ घटकाची चाचणी निघाली. ती काही रुग्णांत नकारात्मक, तर काही निरोगी व्यक्तींत होकारात्मक येते. म्हणून केवळ तिच्यावर निदान ठरवू नये.

सॅलिसिलेटे (१८७६) व ॲस्पिरिन (१८९९) यांनी वेदना शमत, झीज थांबत नसे. क्षयाशी संबंध असावा या समजुतीने झाक फॉरेस्ट्ये यांनी सुवर्णाची लवणे वापरली (१९२९). समजूत चुकीची, औषध मात्र काही अंशी गुणकारी ठरले. फिलिप हेंच यांनी १९४८ मध्ये कॉर्टिसोन दिल्यावर अंथरुणास खिळलेले रुग्ण चालू लागले. हेंच यांना १९५० चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. लवकरच अस्थी ठिसूळ होणे, रक्तशर्करा वाढणे इ. दुष्परिणाम दिसून आले. खरा पालट मेथोट्रेक्सेटमुळे झाला. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगासाठी तयार झालेले हे औषध अल्प मात्रेत या विकारावर देण्यास अमेरिकेत १९८८ मध्ये मान्यता मिळाली. ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चुकून रोज घेतल्यास प्राणघातक ठरू शकते. १९९८ नंतर आलेली जैव औषधे प्रभावी, पण महाग आहेत. ती देण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी आवश्यक असते.

भिगवण (जि. पुणे) येथे अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९६ मध्ये सुरू झालेल्या घरोघर पाहणीत सु. ०·५ टक्के प्रौढांत हा विकार आढळला. भिगवण पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. तेव्हा दमट हवेमुळेच तो होतो, हा रत्नागिरीकडील समज टिकत नाही. कोकणात निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेतात. त्याने ठणका कमी होतो, आतील झीज चालूच राहते, आणि एकदा वाकलेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत.