जुना भाग, नवा भाग



गावात मोटार बंद पडली की भोवती दोन प्रकारचे सल्लागार जमतात. एक म्हणतो, "नवीन पार्ट टाका, डोक्याला ताप नको." दुसरा म्हणतो, "कशाला पैसे घालवता? जुनाच बनवून घ्या, कंपनीच्यापेक्षा सरस चालेल." दोघेही अगदी ठासून बोलतात, आणि गाडीचा मालक मधल्या मधे बावचळतो. मी इतिहास शिकवणारा माणूस. यंत्रातले मला बेताचेच कळते. पण ह्या दोन सल्ल्यांत सापडून एकदा माझी जी अवस्था झाली, तिच्यामुळे ह्या प्रश्नाच्या मागे काय इतिहास आहे ते पाहावेसे वाटले.

आमच्या घरी एक जुनी जीप आहे. तिचा अल्टरनेटर बिघडला. अल्टरनेटर म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी भरत राहणारे लहानसे जनित्र. दुकानदाराने नव्याच्या निम्म्या किमतीत एक 'रिबिल्ट', म्हणजे पुन्हा बांधलेला, अल्टरनेटर दिला. काळाभोर, चकचकीत. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात मंडळींना व मुलांना घेऊन साताऱ्याकडे निघालो होतो. खंबाटकीचा घाट चढताना रात्रीचे नऊ वाजले असतील. पुढचे दिवे हळूहळू पिवळे पडत गेले, समईच्या वातीएवढे झाले, आणि मागून मालमोटारींची रांग. कशीबशी गाडी कडेला घेतली. मुले मागे चिडीचूप बसली होती. त्यांनाही काही तरी उमगले असावे. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने तो भाग उघडून माझ्यासमोर ठेवला. आतले ब्रश झिजून संपलेले, बेअरिंग तेच जुने, खडखडणारे. तो म्हणाला, "सर, ह्याला रंग दिलाय. काम काहीच केलेलं नाही."

तर पुन्हा बांधलेला भाग आणि नुसता रंगवलेला भाग, ह्यांत फरक कोणता?

आपल्या खेड्यांत ही विद्या नवी नाही. बैलगाडीच्या चाकाचे आरे सैल झाले, तर सुतार सगळे चाक फेकून देत नाही. मधला तुंबा शाबूत आहे ना, एवढे तो आधी ठोकून पाहतो. मग नवे आरे घालतो, लोखंडी धाव तापवून पुन्हा चढवतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तो आरा त्या एकाच चाकासाठी तासलेला असतो. शेजारच्या गाडीला तो बसेलच असे नाही. जगातली सारी यंत्रे एके काळी अशीच होती. सुटा भाग म्हणून वेगळी वस्तू बाजारात नव्हतीच. होता तो कारागीर आणि त्याची कानस. 'नवा घ्यावा की जुना दुरुस्त करावा' हा प्रश्नच त्या वेळी कोणाला पडला नसता.

ही स्थिती पालटण्याची सुरुवात बंदुकीपासून झाली. १७८५ साली थॉमस जेफरसन, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, ते फ्रान्समध्ये आपल्या देशाचे वकील म्हणून राहत होते. तेथे ओनोरे ब्लांक नावाच्या कारागिराने त्यांच्यापुढे बंदुकीच्या पन्नास कळी सुट्या करून, खणाखणांत भाग मांडून ठेवल्या. जेफरसन यांनी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही कळी जुळवल्या, आणि त्या बिनचूक बसल्या. ही हकिगत त्यांनी मोठ्या अपूर्वाईने मायदेशी कळवली. पुढे अमेरिकेत ईलाय व्हिटनी ह्यांचे नाव ह्या कामात फार गाजले. १७९८ साली त्यांनी दहा हजार बंदुकांचा मक्ता घेतला होता. शाळेच्या पुस्तकांत अजूनही सारे श्रेय त्यांना दिलेले आढळते. वास्तविक त्यांच्या बंदुकांचे भाग एकमेकांत खऱ्या अर्थाने बसत नव्हते, असे पुढच्या संशोधकांनी त्या प्रत्यक्ष तपासून दाखवले आहे. ते काम हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल ह्यांनी १८२० नंतरच्या दशकात साधले. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात सांगताना एवढी दुरुस्ती जरूर करावी.

ह्या बंदुकीच्या कारखान्यांतूनच ही विद्या मोटारीत आली. हेन्री लेलंड हे गृहस्थ तरुणपणी स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारात काम केलेले, आणि पुढे मोजमापाची यंत्रे करणाऱ्या ब्राउन अँड शार्प कंपनीत मुरलेले. इंचाच्या हजाराव्या भागाशी त्यांची रोजची ओळख. पुढे ते कॅडिलॅक मोटारीच्या कारखान्याचे प्रमुख झाले. त्यांच्या गाड्यांची १९०८ साली इंग्लंडमध्ये जी परीक्षा झाली, ती मुळातून ऐकण्यासारखी आहे.

इंग्लंडच्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबने कॅडिलॅकच्या तीन गाड्या निवडल्या. लंडनजवळच्या ब्रुकलंड्स येथील शर्यतीच्या रस्त्यावर त्या आधी चालवून पाहिल्या. मग एका शेडमध्ये तिन्ही गाड्या पार खिळखिळ्या केल्या. पार म्हणजे पार. दोन हजारांवर तुकडे झाले. ते सगळे एकत्र कालवले. कोणता पिस्टन कोणत्या गाडीचा, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. एवढ्यावरही क्लबच्या पंचांचे समाधान झाले नाही. त्यांनी ढिगातून ८९ भाग काढून बाजूला ठेवले आणि त्यांच्या जागी दुकानात विक्रीला ठेवलेले भाग दिले. मेकॅनिकांच्या हाती पाने आणि पेचकस अशी साधी हत्यारे. कानस लावायची नाही, घासून बसवायचे नाही. तिन्ही गाड्या उभ्या राहिल्या, फक्त रंगाची गंमत झाली. एका गाडीवर दुसरीचे पत्रे चढलेले. त्या पहिल्या झटक्यालाच सुरू झाल्या की नाही ह्याबद्दल पुष्कळ सुरस कथा आहेत, त्या सोडून देऊ. पण तिन्ही गाड्या पुढे पाचशे मैल धावल्या, हे क्लबने नोंदलेले आहे. त्या कामगिरीबद्दल कॅडिलॅकला ड्यूअर करंडक मिळाला.

लोकांना ह्यात नव्या भागाचा विजय दिसला, आणि तो होताच. गाडी अडली तर कारागीर शोधत बसायला नको. दुकानातून भाग आणा आणि बसवा. पण त्या दिवशी जुन्या भागालाही पुनर्जन्माचा हक्क मिळाला, हे फारसे कोणी बोलून दाखवत नाही. मूळ माप कागदावर ठरलेले असेल, तरच झिजलेला भाग किती झिजला हे सांगता येते, आणि तरच तो त्या मापावर परत आणता येतो. माप नसेल तर दुरुस्ती होईल, पुनर्बांधणी होणार नाही.

त्याच १९०८ साली फोर्डची 'मॉडेल टी' निघाली. १९२७ पर्यंत दीड कोटीच्या वर गाड्या झाल्या, सगळ्या एका साच्याच्या. म्हणजे झिजलेल्या भागांचे ढीगही एकसारखेच. एकटादुकटा जुना भाग घेऊन बसणे परवडत नाही. तसलेच शेकडो आले की त्यांचा कारखाना चालतो. मग आली अदलाबदलीची पद्धत. जुने इंजिन द्या, वर थोडे पैसे भरा, दुसऱ्याचे दुरुस्त केलेले इंजिन घेऊन जा. आपल्या गृहिणींना हे वेगळे समजावून सांगायला नको. कासाराकडे फुटका हंडा मोडीत घालून नवी कळशी घेणे, हाच तो व्यवहार. फरक इतकाच की कासार मोड वितळवतो, इथे मोडच घासूनपुसून परत येते.

पुढे महायुद्धाने तर निवडच हिरावून घेतली. १९४२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या कारखान्यांनी खाजगी मोटारी करणे बंद केले. त्याच महिन्यात सिंगापूर पडले, मलायाचे रबर जपानच्या हाती गेले. टायर मिळेनात. मग टायरचा आतला सांगाडा धड असेल तर त्यावर रबराचा नवा थर चढवायचा, ही युक्ती सर्रास सुरू झाली. बैलगाडीची धावच म्हणा ना! आपल्याकडेही त्या दिवसांत पेट्रोल मोजून मिळे, आणि सर्व्हिसच्या मोटारी मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बांधून धापा टाकीत चालत. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हा जुना भाग जगवणे ही आपल्या मेस्त्रींची गरजच होऊन बसली. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पहिली एस. टी. गेली. एस. टी.नेही पुढे आपल्या कार्यशाळांत इंजिने उघडून पुन्हा बांधण्याचे व टायर पुन्हा चढवण्याचे काम चालवले. ज्या गाडीने आपण बाजाराला जातो, तिच्यात पुन्हा बांधलेले पुष्कळ काही असते. आणि ती गाडी घाट उतरते.

धंदा वाढला तशी लबाडीही वाढली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७९ साली ह्या बाबतीत जे मार्गदर्शक नियम केले, ते वाचताना मला माझा काळाभोर अल्टरनेटर आठवला. 'रिबिल्ट' हा शब्द वापरायचा, तर भाग जरुरीप्रमाणे सुटा करून पुन्हा बांधलेला हवा. आतून-बाहेरून धुऊन गंज काढलेला हवा. झिजलेले, बिघडलेले तुकडे बदललेले वा मापावर आणलेले हवेत. गहाळ असतील ते भरलेले हवेत. रंगाचा ह्या यादीत संबंध नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर ब्रेकच्या बाबतीत मी कधी काटकसर करीत नाही. झिजणारे लायनर नवेच. ड्रम मात्र लेथवर घासून घेता येतो. पण पुष्कळ ड्रमांवर कमाल व्यासाचा आकडा कोरलेला असतो, त्याच्या पुढे गेला की तो भंगार. इंजिनचा ठोकळा, गिअरबॉक्सचे घर, असले ओतीव भाग मात्र चांगल्या कारखान्यात मापावर आणलेले असतील, तर बाजारातल्या नकली नव्यापेक्षा मी ते पत्करीन. 'नवा' ह्या शब्दालाही रंग देता येतो, बरे का.

गेल्या उन्हाळ्यात त्याच जीपचे इंजिन खोलावे लागले. ह्या वेळी मी शहाणा झालो होतो. क्रँक स्वतः घेऊन ग्राइंडिंगवाल्याकडे गेलो व समोर बसलो. झिजलेला क्रँक घासून किंचित बारीक करतात आणि त्या मानाने जाड बेअरिंग घालतात. इंचाच्या हजाराव्या भागात दहा, वीस, तीस अशा त्याच्या पायऱ्या असतात. क्रँक घासण्यात निम्म्याहून जास्त पैसे वाचतील, असा माझा हिशेब. त्या वयस्क कारागिराने कपड्याने क्रँक पुसला, मायक्रोमीटर लावला, फिरवून पुन्हा लावला, आणि फळीवर खडूने चाळीस हा आकडा लिहिला.

"सर, चार वेळा घासून झालाय हा," तो म्हणाला. "ह्याच्या पुढचं बेअरिंग येत नाही. मला घासायला काय, मी घासून देईन. पण नवीनच घ्या."

मी नवा घेतला. त्याने तपासणीचे पैसे घेतले नाहीत.