अंगालगतची लोकर

घोंगडीशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांस लोकर ही अंगावर घेण्याची वस्तु आहे, अंगालगत घालण्याची नव्हे, हें सांगावयास नको. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी वाऱ्यापावसांत धनगरास आसरा देते. पण तीच उघड्या अंगाला लागली म्हणजे टोंचते. म्हणून हिमालयांत पदभ्रमणास निघालेला आमच्याकडील तरुण आंत सुती बनियन व वर जाड स्वेटर घालतो, यांत नवल नाहीं. परंतु थंड प्रदेशांत ही निवड प्रसंगीं जिवावर बेतते. अंगालगतचें वस्त्र कोणतें असावें, याविषयीं इतिहास काय सांगतो तें आम्ही येथें थोडक्यांत पाहूं.

टोंचण्याचा दोष लोकरीचा नसून तंतूच्या जाडीचा आहे. ही जाडी मायक्रॉनमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत, मोजतात. सुमारें ३० मायक्रॉनहून जाड तंतूचें टोंक कातडींत रुततें. बारीक मेरिनो लोकरीचा तंतु २० मायक्रॉनच्याही आंत असल्यामुळें अंगाला लागतांच वाकतो. ह्या मेंढ्या स्पेननें शतकानुशतकें जपल्या आणि त्या देशाबाहेर जाऊं नयेत अशी कडक मनाई ठेवली. पुढें राजाराजांच्या स्नेहसंबंधांतून त्या १७६५ सालीं सॅक्सनींत व १७८६ सालीं फ्रान्समधील रांबुये येथें गेल्या. १७९७ सालीं आफ्रिकेच्या केपहून त्या न्यू साउथ वेल्सला पोंचल्या, आणि कालांतरानें ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड हेंच त्यांचें मोठें घर झालें.

लोकर अंगालगतच घालावी, असा आग्रह स्टुटगार्टचे प्राणिशास्त्रज्ञ गुस्टाफ येगर यांनीं १८८० च्या सुमारास धरला. वनस्पतिज वस्त्र शरीरास अपायकारक व प्राणिज वस्त्र तेवढें हितकर, असें त्यांचें मत होतें. १८८४ सालीं लंडनांत त्यांच्या नांवानें कपड्यांचा व्यापार सुरू झाला, आणि बर्नार्ड शॉसारखा लेखकही त्यांचा अनुयायी बनला. येगर यांची उपपत्ति आज कोणी मानीत नाहीं. उपदेश मात्र कामाचा ठरला. त्याचें खरें कारण निराळें आहे. लोकरीचा तंतु आपल्या वजनाच्या जवळजवळ तृतीयांश इतकी बाष्परूप ओल पोटांत घेतो, तरी हाताला ओला लागत नाहीं. शिवाय ओल घेतांना थोडी उष्णताही सोडतो. सुती कापड घाम पिऊन ओलें राहतें, अंगाला चिकटतें, आणि चढण संपून वाऱ्यांत उभें राहतांच शरीराची ऊब हिरावून घेतें.

तथापि लोकर म्हणजे जादू नव्हे. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यांत विल्सन, बॉवर्स व चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनचीं अंडीं आणण्यासाठीं केप क्रोझियरला गेले. वाटेंत थंडी उणें ६० अंश सेंटिग्रेडपर्यंत उतरली. गाड्या ओढतांना आलेला घाम लोकरींतून बाहेर न पडतां कपड्यांतच गोठून सांचत गेला. एकदां तंबूबाहेर येऊन चेरी-गॅरार्ड यांनीं मान वर केली, तोंच कपडे लांकडासारखे ताठले आणि मान तशीच अडकून राहिली.

१९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत नॉर्टन हे जाड लोकरी गंजी, फ्लॅनेलचा सदरा, दोन स्वेटर व वर वारा अडविणारें गॅबर्डिन एवढ्याच पोषाखांत ऑक्सिजनवांचून सुमारें ८,५७० मीटरपर्यंत चढले. त्याच मोहिमेंत ८ जून रोजीं मॅलरी व अर्विन नाहींसे झाले. १९९९ सालीं मॅलरींचा देह सांपडला, तेव्हां त्यांच्या अंगावर रेशीम, सूत व लोकर यांचे पातळ थर आढळले. त्या पोषाखाची प्रतिकृति २००६ सालीं एव्हरेस्टवरच वापरून पाहण्यांत आली. चालत्या माणसास ती हलकी व सुखकर वाटली. पण उघड्यावर रात्र काढण्यास ती अपुरी होती.

ह्या सर्व अनुभवांचें सार एकच आहे: अंगालगतच्या वस्त्राचें काम ऊब सांठविण्याइतकेंच घामाला वाट देण्याचें आहे. म्हणून निवड करतांना जाडी पाहूं नये; तंतु बारीक, वीण पातळ व सदरा अंगासरसा असावा. श्रमाच्या चढणीसाठीं चौरस मीटरला १५० ते २०० ग्रॅम वजनाचें कापड पुरतें. त्याहून जाड कापड मुक्कामासाठीं ठेवावें. ऊब हवी तर वर आणखी थर चढवावेत, आणि घाम येण्यापूर्वींच त्यांतील एक उतरवावा. कृत्रिम धाग्याचें कापड लवकर वाळतें व अधिक टिकतें, म्हणून सह्याद्रीच्या पावसांत तें घेण्यास हरकत नाहीं; मात्र त्याला घामाची दुर्गंधि लवकर धरते. मेरिनोचा सदरा पुष्कळ दिवस धुतल्यावांचून चालतो, पण तो महाग असतो व पिशवीच्या पट्ट्याखालीं लवकर विरतो.

घोंगडी बाहेर घ्यावी हा धनगराचा निर्णय बरोबरच होता. आमची चूक एवढीच कीं, आंतल्या वस्त्राचा विचार आम्हीं कधीं केलाच नाहीं.