गोल न करणाऱ्याचा इतिहास

भांडुपमधल्या कुठल्याही पोराला विचारा, सुनील छेत्री कोण? लगेच उत्तर येईल. आता विचारा, महेश गवळी कोण? पोरगं गप्प.

गवळी गोव्याचे, बचावफळीत खेळायचे. 2003 मध्ये ईस्ट बंगालनं जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली, त्या संघात ते होते. पुढे डेम्पो. 13 ऑगस्ट 2008 ला भारतानं दिल्लीत ताजिकिस्तानला 4-1 हरवून एएफसी चॅलेंज कप जिंकला, आणि 1984 नंतर प्रथमच आशिया कपाचं दार उघडलं. लक्षात राहिली छेत्रीची हॅटट्रिक. 2011 ला दोह्यात तीन सामन्यांत आपल्यावर 13 गोल झाले, तेव्हा मात्र सगळ्यांना बचाव आठवला! बचावपटूची नोंद होते ती अशी, चुकल्यावर.

निवृत्तीनंतर गवळी प्रशिक्षक झाले. 2023 च्या सॅफ स्पर्धेत मुख्य प्रशिक्षक स्टिमॅक निलंबित होते. बंगळुरूत उपांत्य सामना लेबनॉनशी, 4 जुलैला अंतिम सामना कुवेतशी. दोन्ही वेळा मैदानाच्या कडेला गवळी उभे, आणि दोन्ही सामने आपण पेनल्टी शूटआऊटमध्ये जिंकलो. म्हणजे काम तेच राहिलं: दुसऱ्याची जागा सांभाळायची. म्हणून सांगतो, खेळाचा इतिहास नुसता धावफलकावरून लिहू नका.