वसईचा पाडाव आणि राखलेला शब्द

ज्युबिलीचे वर्ष हे केवळ उत्सवाचे वर्ष नव्हे. पन्नासाव्या वर्षी दासांस मोकळे करावे आणि गेलेली वतने मूळ घराण्यांस परत द्यावीत, अशी आज्ञा देवाने इस्रायल लोकांस दिल्याचे जुन्या करारातील लेवीय ग्रंथात सांगितले आहे. सुटका व समेट हा ज्युबिलीचा मूळ अर्थ होय. म्हणून आपल्या धर्मग्रामाच्या या स्मरणिकेत, याच वसईच्या भूमीवर तोफांच्या धुरात घडून आलेल्या एका समेटाची हकिगत वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. लढाईची वर्णने पुष्कळांनी लिहिली आहेत; लढाई थांबली कशी, आणि थांबल्यावर माणसे एकमेकांशी कशी वागली, इकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते.

वसईचा मुलूख गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी पोर्तुगीजांस तोडून दिला. पुढील दोनशे वर्षांत येथे भक्कम कोट उभा राहिला. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन धर्मसंघांचे मठ व ख्रिस्तमंदिरे झाली. याच मातीत जन्मलेले गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले, व १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांस संतपद दिले. आपल्या पूर्वजांस श्रद्धेचा ठेवा याच काळात लाभला, आणि त्याबद्दल आपण देवाचे ऋणी आहोत.

परंतु इतिहास सांगू बसलो म्हणजे दुसरी बाजू झाकून चालत नाही. याच राज्यात हिंदूंची देवळे पाडली गेली, त्यांचे विधी व उत्सव कायद्याने बंद झाले, बाप वारलेली पोरकी मुले नातलगांपासून काढून ख्रिस्ती केली गेली, आणि १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा धाक येथवर पोहोचला. ज्या प्रभूने कोणाचेही दार मोडून आत पाऊल टाकले नाही, त्याच्याच नावाने हे घडले, हे अधिक दुःखाचे. अंजूरचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू यांनी पेशव्यांकडे दाद मागितली, ती या जाचामुळेच. शेजाऱ्याचे रडणे दोनशे वर्षे ज्यांनी ऐकिले नाही, त्यांच्या वेशीवर एक दिवस सैन्य येऊन ठेपले, यात नवल ते काय?

मार्च १७३७ मध्ये बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा यांच्या फौजेने ठाणे व साष्टी घेतली. १७३९ च्या जानेवारीत केळवे-माहीम व तारापूर पडले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव हा पेशव्यांच्या जिव्हाळ्याचा सरदार कामास आला. फेब्रुवारीत खुद्द वसईस वेढा बसला. कोटाच्या तीन अंगांस पाणी; पाण्यावर मानाजी आंग्र्यांची गलबते, आणि जमिनीच्या अंगाने मराठ्यांचे मोर्चे. किल्लेदार सिल्व्हेरा द मिनेझिस लढता लढता पडला व अधिकार कायतान द सोझा परेरा याजकडे आला. त्याने मुंबईच्या इंग्रजांकडे हात पसरला. त्यांनी १५,००० रुपये कर्जाऊ दिले, तेही ख्रिस्तमंदिरांतील चांदीची उपकरणे व पितळी तोफा गहाण ठेवून घेऊन! गोव्याहून कुमक यावी, तर गोव्याच्याच दारात मराठे उभे होते.

मे महिन्याच्या मध्यावर सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडाले व तटास खिंडार पडले. मराठे त्यात शिरले, तोच मागे राहिलेला सुरुंग उडाला आणि कित्येक वीर दगडमातीखाली गाडले गेले. तरी पुन्हा हल्ला झाला, पुन्हा रक्त सांडले. या वेढ्यात आपली ५,००० वर माणसे ठार व जखमी झाली, असे मराठ्यांनीच कबूल केले आहे. आत पोर्तुगीजांकडे दारूगोळा सरत आलेला, माणूस थकलेला, आणि तटामागे बायकामुले, वृद्ध व आजारी.

या घडीस दोन सेनापतींनी दोन निर्णय घेतले, आणि आमच्या मते या साऱ्या युद्धातील खरा पराक्रम त्यांतच आहे.

पहिला निर्णय परेराचा. आणखी काही दिवस तट लढविता आला असता. परंतु त्याची किंमत तटामागच्या निरपराध जिवांनी भरली असती. त्याने पांढरे निशाण दाखविले. मान राखण्यासाठी दुसऱ्याचे प्राण पणास लावण्याचा अधिकार कोणाही नायकास नाही, हे त्याने वेळेवर ओळखिले.

दुसरा निर्णय चिमाजी आप्पांचा, आणि तो अधिक कठीण. खिंडार पडलेले, विजय हाताशी, आणि आपल्या हजारो माणसांच्या मरणाने फौज खवळलेली. अशा वेळी कत्तलीचा हुकूम सुटल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात थोडी नाहीत. चिमाजी आप्पांनी तह केला. १६ मे १७३९ रोजी कलमे ठरली. शिबंदीने हत्यारांनिशी, निशाणे फडकावीत व वाद्ये वाजवीत बाहेर पडावे. रहिवाशांस आपली चीजवस्तू घेऊन जाण्याची मोकळीक असावी. उभयपक्षी कैदी सोडावेत. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांस आपला धर्म पाळता यावा, आणि त्यांच्या उपासनेसाठी तीन ख्रिस्तमंदिरे राखावीत. आठवडाभराने, २३ मे रोजी, पोर्तुगीज गलबतांतून निघून गेले व कोटावर भगवे निशाण चढले.

किल्लेदाराच्या घरच्या एका स्त्रीस चिमाजी आप्पांनी सन्मानाने परत पाठविले, अशी आख्यायिका लोकांच्या तोंडी आहे. तिचा खरेखोटेपणा ठरविण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. आख्यायिकेवाचूनही तहाची कलमे त्या पुरुषाच्या अंतःकरणाची साक्ष देण्यास पुरेशी आहेत.

याचा अर्थ पुढे सर्व गोड झाले असा नव्हे. युरोपीय मिशनरी गेले, मठ ओस पडले, कित्येक ख्रिस्तमंदिरे ढासळली. भीमाशंकरास, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात व वाईजवळील मेणवलीस आजही मोठ्या घंटा आहेत. त्या याच स्वारीत नेलेल्या म्हणून दाखविल्या जातात. जिंकलेल्या प्रजेस जे सोसावे लागते ते आपल्या वाडवडिलांस सोसावे लागले. तथापि मुख्य शब्द राखला गेला. गोव्याच्या एतद्देशीय पाद्रींनी मागे राहिलेल्या कळपाची निगा राखिली. १७६० साली आंकतील द्यूपेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तेव्हा मराठ्यांच्या राज्यात ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे व मोठ्या समुदायाने साजरे करिताना त्यास आढळले. पराभूतांचा धर्म विजेत्याच्या राज्यात टिकला; आज आपल्या घरोघरी संध्याकाळी रोझरी चालते, तीत त्या राखलेल्या शब्दाचाही वाटा आहे.

यातून आम्ही काय शिकावे? प्रथम हे, की दया ही दुबळ्याची अगतिकता नव्हे. ज्याच्या हाती शिक्षा करण्याचे सामर्थ्य आहे व मनात संतापास पुरेसे कारणही आहे, त्याने हात आवरिला तरच ती दया. दुसरे हे, की शांती नुसत्या सद्भावनेवर उभी राहत नाही. कोणी कोठून जावे, कैद्यांचे काय व्हावे, मागे राहणाऱ्याने कोठे प्रार्थना करावी, हे सर्व स्पष्ट ठरले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी भांडणास जागा उरली नाही. जो नायक दुर्बलांचा विचार कलमांत आणतो, तोच शांतीचा पाया घालतो. तिसरे हे, की ज्यास क्षमा मिळाली त्याने आपल्या पक्षाची चूकही आठवावी. जे धर्मस्वातंत्र्य आपल्या पूर्वजांस तहाने मिळाले, तेच पोर्तुगीज अमलाने शेजाऱ्यांस दोनशे वर्षे नाकारिले होते. दोन हजार सालच्या महाज्युबिलीत, १२ मार्च रोजी, परमपूज्य पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोम येथे ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या गतकालीन अपराधांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. सत्याच्या सेवेत बळाचा वापर झाला, हा अपराधही त्यांत गणिला होता. ज्युबिली साजरी करण्याची हीच खरी रीत.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्यापैकी कोणास किल्ला घ्यावयाचा नाही की द्यावयाचा नाही. परंतु वाडीच्या बांधावरून, विहिरीच्या पाण्यावरून, वडिलार्जित वाटणीवरून घराघरांत वेढे पडलेले आम्ही पाहतो. सख्खे भाऊ वर्षानुवर्षे एकमेकांच्या उंबऱ्यास पाय लावीत नाहीत. त्यांत कोणी परेराच्या जागी असेल, त्याने पोरांबाळांकडे पाहून हट्ट सोडावा. कोणी चिमाजी आप्पांच्या जागी असेल, निकाल त्याच्या बाजूने लागला असेल. त्याने जिंकलेल्या दिवशीच समोरच्यास मानाने बाहेर पडण्याची वाट ठेवावी. आणि एकदा शब्द दिला की तो पाळावा.

शांती करणाऱ्यांस देवाची लेकरे म्हणतील, असे आपल्या प्रभूने डोंगरावरून शिकविले. या ज्युबिली वर्षी आपल्या धर्मग्रामातील एक जरी वेढा उठला, तरी केलेल्या सर्व रोषणाईहून ती भेट त्याच्या वेदीवर अधिक शोभेल, अशी आमची श्रद्धा आहे.