फाटक्या आवाजाचा मालक

लिंक रे 5 नोव्हेंबर 2005 रोजी कोपनहेगनमध्ये वारला, तेव्हा तो 76 वर्षांचा होता. नॉर्थ कॅरोलिनातल्या डन गावी जन्मलेल्या या रॉक अँड रोल गिटारवादकाला त्याच्यामागे दोन बिरुदं सर्रास चिकटवली जातात. गिटारच्या फाटक्या आवाजाचा शोध त्याने लावला आणि ‘पॉवर कॉर्ड’चा, म्हणजे मोजक्या सुरांच्या दणकट कॉर्डचा, तो जनक. दोन्ही ऐकायला झकास, पण तारखा लावून पाहिल्या की डळमळू लागतात. मेम्फिसमध्ये 1951 साली मुद्रित झालेल्या ‘रॉकेट 88’ या गाण्यात विली किझार्टची गिटार चांगलीच फाटलेली ऐकू येते. त्याचा अँप्लिफायर वाटेत बिघडला होता आणि स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावून नेली होती. पॅट हेअर आणि विली जॉन्सन हे ब्लूज वादकही पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच जाड, खरखरीत कॉर्ड वाजवत होते. म्हणजे ‘पहिला कोण’ एवढाच प्रश्न असेल तर रे हरतो. तरीही त्याला अग्रणी म्हणावं लागतं, पण त्याचं कारण निराळं आहे, आणि ते ‘रंबल’ या त्याच्या 1958 च्या रेकॉर्डमध्ये सापडतं.

या चालीचा जन्म व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गला, पोरापोरींच्या नाचाच्या कार्यक्रमात झाला. रेडिओवाला मिल्ट ग्रँट कार्यक्रम चालवत होता. त्याने तेव्हा गाजत असलेल्या ‘स्ट्रोल’ नाचाची चाल मागितली आणि रेला ती येत नव्हती. भाऊ डगने ड्रमवर संथ ठेका धरला, रेने त्यावर सुचतील तसे कॉर्ड टाकले, आणि दुसरा भाऊ व्हर्नन याने गाण्याचा माइक उचलून अँप्लिफायरच्या तोंडाशी ठेवला. आवाज फुटून बाहेर आला. पोरांना तो इतका आवडला की तीच चाल पुन्हा पुन्हा वाजवावी लागली. इथवर सगळा योगायोग, किझार्टच्या कागदाच्या बोळ्यासारखाच. स्टुडिओत मात्र तोच अँप्लिफायर गुणी मुलासारखा स्वच्छ वाजू लागला. दुसरा कोणी असता तर त्याने बरं झालं म्हणून रेकॉर्ड उरकली असती. रेने पेन्सिल घेतली आणि स्पीकरच्या कागदी कोनाला भोकं पाडली. कोनाचा कागद धड असेल तर तो एकसंध थरथरतो. भोकं पडली की कडा वेगळ्या फडफडतात आणि मूळ सुरावर कर्कश खर चढते. किझार्टने बिघाड चालवून घेतला होता. रेपुढे चांगला आवाज हजर होता आणि त्याने तो नाकारला.

यावर आक्षेप येईल, की पेन्सिलीची गोष्ट रे आणि त्याच्या घरच्यांनीच सांगितलेली आहे, आणि कलावंतांच्या आठवणींना वयाबरोबर मीठमसाला लागतो. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच गोष्ट बाजूला ठेवून रेकॉर्ड ऐकावी. ‘रॉकेट 88’ मध्ये गिटार गायक जॅकी ब्रेन्स्टनच्या गळ्यामागून आणि सॅक्सोफोनच्या खालून चालते. ती स्वच्छ वाजली असती तरी गाणं उभं राहिलंच असतं. ‘रंबल’ अडीच मिनिटांचीही नाही. तिच्यात शब्द नाहीत, गायक नाही, गुणगुणावी अशी धूनही जवळपास नाही. शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात येतील असे मोजके कॉर्ड, मधून खाली उतरणारी एक सुरावट, आणि शेवटी अँप्लिफायरची थरथर वाढवून केलेला गोंधळ. यातून आवाजाची खर काढून टाकली तर हाती काय उरतं? काही नाही. आवाजाचा पोत हीच इथे रचना आहे, आणि ते अपघाताने होत नाही. याला त्याच्या शरीराचीही बाजू होती. लष्करात असताना जडलेल्या क्षयाने त्याचं एक फुप्फुस गेलं होतं. गाणं बहुतेक व्हर्ननकडे गेलं आणि एरवी गळ्याने करायचं ते काम गिटारवर आलं.

रेकॉर्डची महती सांगताना हमखास पुढे केला जातो तो बंदीचा किस्सा. न्यूयॉर्क, बोस्टनसारख्या शहरांतल्या काही रेडिओ केंद्रांनी ती वाजवायला नकार दिला. एक अक्षरही नसलेल्या संगीताला टोळीयुद्धाची चिथावणी ठरवलं. किस्सा मजेदार आहे, पण पुरावा म्हणून मला तो सगळ्यांत लंगडा वाटतो. ‘रंबल’ हा टोळ्यांच्या हाणामारीचा शब्द होता आणि बिघडलेल्या तरुणाईची धास्ती तेव्हा सगळ्या अमेरिकेने घेतली होती. घाबरवलं ते बरंचसं शीर्षकाने. शिवाय बंदी असूनही रेकॉर्ड बिलबोर्डच्या यादीत 16 व्या क्रमांकापर्यंत चढलीच.

‘एकाच रेकॉर्डचा धनी’ हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर पुढच्या काही वर्षांत आहे. एपिक कंपनीने 1959 साली ‘रॉहाइड’ काढली, मग त्याला माणसात आणायचं ठरवलं आणि वाद्यवृंदासोबत डेब्यूसीचं ‘क्लेअर द ल्यून’ वाजवायला बसवलं. ते काही जमलं नाही. रे भावांसोबत पुन्हा घरगुती स्टुडिओत गेला आणि 1963 साली ‘जॅक द रिपर’ ही स्वान कंपनीकडून आली, पुन्हा तशीच खरखरीत. मोठ्या कंपनीचा स्वच्छ आवाज त्याला दुसऱ्यांदा देऊ केला गेला होता आणि त्याने तो दुसऱ्यांदा सोडला. धंद्याच्या हिशेबाने हा शहाणपणा नव्हता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो मेरिलँडमधल्या शेतावरच्या खोपटात तीन ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रण करत होता.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याला 2023 साली घेतलं, म्हणजे मरणानंतर 18 वर्षांनी, आणि तेही ‘प्रभाव’ या सदरात. पीट टाउनशेंड आणि जिमी पेज या गिटारवादकांनी रेचं ऋण उघड मान्य केलेलं आहे, त्यामुळे सदर चूक म्हणता येणार नाही. अपुरं मात्र आहे. प्रभाव मोजायचा तर दुसऱ्यांची कामगिरी मोजावी लागते. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने 1964 च्या ‘यू रिअली गॉट मी’साठी ब्लेडने स्पीकर चिरला. हे त्याने रेकडूनच उचललं असं म्हणायला वेगळा पुरावा लागेल, आणि कदाचित त्याला ते स्वतंत्रपणेच सुचलं असेल. तसं असलं तरी त्या ब्लेडच्या सहा वर्षं आधी पेन्सिल चाललेली होती, आणि तेव्हा गिटारच्या मागे लपायला गाणंही नव्हतं.