चाकांचा हिशेब आणि उपग्रहांची वेळ

वाहनाने आपण कोठे आहोत हे स्वतःच ओळखावे, ही कल्पना कृत्रिम उपग्रहांहून कितीतरी जुनी आहे. तिसऱ्या शतकातील चिनी यंत्रज्ञ मा जुन याच्या नावाशी जोडला जाणारा 'दक्षिणदर्शी रथ' हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. रथ वळताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापते, आणि हा फरक दंतचक्रांमार्फत रथावरील पुतळ्यापर्यंत पोचवला तर पुतळ्याचा हात सतत दक्षिणेकडेच रोखलेला राहतो, अशी ही योजना असल्याचे उत्तरकालीन वर्णनांवरून दिसते. दोन चाकांच्या फरकातून वळण मोजण्याचे हेच तत्त्व विसाव्या शतकात, दंतचक्रांऐवजी विद्युत संवेदकांच्या रूपाने, मोटारीत परत आले. उपग्रह-दिशादर्शनाचा इतिहास बहुधा अवकाशातून खाली पाहत लिहिला जातो; मोटारीपुरते बोलायचे तर तो चाकांपासून सुरू करणे अधिक न्याय्य ठरते.

ज्ञात बिंदूपासून कोणत्या दिशेने किती अंतर कापले याचा हिशेब ठेवून सध्याचे स्थान काढण्याच्या रीतीला खलाशांच्या परिभाषेत 'डेड रेकनिंग' म्हणतात. 1981 मध्ये जपानच्या होंडा कंपनीने 'इलेक्ट्रो जायरोकेटर' या यंत्राद्वारे ती मोटारीत आणली. हेलियम वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप गाडीची वळणे टिपत असे, दुसरा संवेदक कापलेले अंतर मोजत असे, आणि लहानशा पडद्यावर प्रवासाची रेघ उमटत जाई. मात्र त्या पडद्यावर पारदर्शक नकाशाचा योग्य तक्ता चढवणे आणि आरंभबिंदू जुळवून देणे ही कामे चालकालाच करावी लागत. यंत्राला रस्ता ठाऊक नव्हता, केवळ स्वतःची चाल ठाऊक होती.

ही उणीव कॅलिफोर्नियातील एटाक कंपनीने भरून काढली, आणि तिची जन्मकथा समुद्रावरचीच आहे. स्टॅन हनी हा अभियंता शर्यतीच्या शिडाच्या नौकांवर मार्गदर्शकाचे काम करीत असे. 1983 मध्ये लॉस एंजेलिस ते होनोलुलू या शर्यतीत 'अटारी' या व्हिडिओ गेम कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल यांच्या नौकेचा मार्ग त्याने आखला, आणि बुशनेल यांच्याच भांडवलावर त्याच वर्षी कंपनी उभी राहिली. तिचे नाव कॅरोलाइन बेटांवरील नावाड्यांच्या एका पद्धतीवरून घेतलेले होते. होडी स्थिर असून बेटेच मागे सरकत आहेत असे मानून तेथील नावाडी अंतराचा अदमास घेत. 1985 मध्ये बाजारात आलेल्या 'एटाक नॅव्हिगेटर'च्या हिरव्या पडद्यावरही गाडीची खूण जागच्या जागी राहत असे आणि तिच्याभोवती नकाशा सरकत व फिरत असे. आज मोबाइलवर नकाशा पाहणाऱ्याला ही मांडणी स्वाभाविक वाटते, पण ती कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेली होती.

एटाकचे खरे कर्तृत्व मात्र नकाशाशी मेळ घालण्याच्या तंत्रात होते. चाकांवरील संवेदक आणि होकायंत्र यांच्या मापनात लहानसहान चुका होतच राहतात. टायरमधली हवा कमी झाली तरी चाकाचा परीघ बदलतो, लोखंडी पुलावर होकायंत्र भरकटते, आणि अंतराच्या मापनात दोन टक्के चूक धरली तरी 50 किलोमीटरनंतर गाडी 1 किलोमीटर चुकीच्या जागी दिसू लागते. यावर उपाय असा योजला गेला की, गाडी बहुतेक वेळ रस्त्यावरच असणार हे गृहीत धरून, साठत गेलेली चूक नकाशाच्या आधारे पुसून टाकायची. सरळ रस्त्यावर गाडी नेमकी कोठे आहे याबद्दल शंका राहते, परंतु ती काटकोनात उजवीकडे वळली की त्या परिसरात असे वळण घेता येणारा चौक बहुधा एखाददुसराच असतो, आणि तेवढ्याने स्थान पुन्हा निश्चित होते. त्यासाठी नकाशा चित्ररूपात असून भागत नाही. कोणता रस्ता कोणत्या चौकात कोणाला मिळतो हे संगणकाला कळेल अशा आकड्यांत तो मांडावा लागतो. हे सारे ध्वनिमुद्रणाच्या कॅसेटसारख्या फितींवर साठवलेले असे, एका फितीत मर्यादित प्रदेशच मावत असे, आणि गाडी पुढे गेली की फीत बदलावी लागे. या सर्व व्यवस्थेत उपग्रहाचा संबंध कोठेही नव्हता.

उपग्रहांची बाजू तोवर स्वतंत्रपणे घडत होती. ऑक्टोबर 1957 मध्ये स्पुटनिक कक्षेत गेल्यावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतील विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख यांनी त्याच्या संदेशाच्या वारंवारतेत पडणाऱ्या फरकावरून, म्हणजे डॉप्लर परिणामावरून, त्याची कक्षा शोधून काढली. पुढील वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी हेच गणित उलटे मांडले: कक्षा ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याचे स्थान काढता येईल. त्यातून उभी राहिलेली 'ट्रान्झिट' प्रणाली पाणबुड्यांना आणि जहाजांना उपयोगी पडली, पण एका मापनासाठी उपग्रहाच्या फेरीत कित्येक मिनिटे कान लावून बसावे लागे आणि पुढच्या फेरीची वाट पाहावी लागे, त्यामुळे धावत्या मोटारीला तिचा उपयोग नव्हता.

1973 मध्ये ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या नेतृत्वाखाली आखल्या गेलेल्या जीपीएसने ही अडचण वेळेच्या मापनातून सोडवली. प्रत्येक उपग्रहावर आण्विक घड्याळ असते आणि तो आपल्या संदेशातून सतत वेळ सांगत राहतो. संदेश पोचायला लागलेल्या वेळेवरून उपग्रहाचे अंतर कळते. येथे मायक्रोसेकंदाच्या चुकीने अंतर 300 मीटरने चुकते, आणि आण्विक घड्याळ गाडीत ठेवणे अशक्यच. म्हणून तीन मितींसाठी तीन उपग्रह पुरेसे असताना चौथ्या उपग्रहाचेही मापन घेतले जाते, आणि त्या चौथ्या समीकरणातून रिसीव्हरच्या स्वस्त क्वार्ट्झ घड्याळाची चूक बाहेर काढली जाते. मोटारीत बसेल एवढ्या किमतीचे यंत्र शक्य झाले त्याचे श्रेय या युक्तीला बरेच द्यावे लागते. आरंभीचे लष्करी रिसीव्हर पाठीवर वाहून न्यावे लागत, तर 1989 मध्ये मॅगेलन कंपनीचा हातात धरता येणारा रिसीव्हर सुमारे 3000 डॉलरला मिळू लागला.

मोटारीत ही दोन घराणी एकत्र आली ती जपानमध्ये. 1990 मध्ये माझ्दाच्या युनोस कॉस्मो या गाडीत जीपीएसवर आधारित दिशादर्शक बसवून मिळू लागला, पण तेव्हा आकाशात 24 उपग्रह पुरे झालेले नव्हते. शिवाय नागरी संदेशात अमेरिकी लष्कर मुद्दाम भेसळ करीत असे आणि त्यामुळे स्थान सुमारे 100 मीटरपर्यंत चुकू शकत असे. ही भेसळ मे 2000 मध्ये थांबली. नकाशाशी मेळ घालणाऱ्या मोटारीने ती अडचण बरीचशी पचवली होती, हे एटाकच्या तंत्राचे मोठेच प्रशस्तिपत्र म्हटले पाहिजे. बोगद्यात आणि उंच इमारतींच्या गल्ल्यांत आजही जायरोस्कोप आणि चाकांची गणतीच गाडीला सावरते.

भारतात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. 1 जानेवारी 2019 पासून नोंदल्या जाणाऱ्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, रिक्षासारखे काही प्रकार वगळता, स्थान कळवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबण्याचे बटण बंधनकारक झाले. त्यासाठीचे एआयएस 140 हे मानक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रसिद्ध केले. अशा यंत्रांना स्थान पुरवू शकेल अशा इस्रोच्या 'नाविक' या स्वदेशी उपग्रह-दिशादर्शन प्रणालीचा पहिला उपग्रह 1 जुलै 2013 रोजीच गेला होता, परंतु तिचे नागरी संदेश एल 5 आणि एस या पट्ट्यांत होते, तर बाजारातील स्वस्त चिप्स जीपीएसच्या एल 1 पट्ट्यासाठी घडवलेल्या. उपग्रह आपले असूनही ते ऐकू शकणारे यंत्र महाग आणि दुर्मिळ, अशी ही स्थिती होती. 29 मे 2023 रोजी सोडलेल्या एनव्हीएस-01 या उपग्रहावर म्हणूनच एल 1 संदेशाची सोय करण्यात आली, आणि देशात घडवलेले रुबिडियमचे आण्विक घड्याळही त्याच उपग्रहावर प्रथम बसवले गेले.